टिकलीखालचा डाग

प्रेमलाच्या आरशापुढे बाटल्या वाढत गेल्या, तसतशी तिच्या कपाळावरची टिकलीही वाढत गेली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे घरात कुणाच्याच डोक्यात आलं नाही. बाईच्या कपाळावर टिकली आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच लोक बघतात. ती केवढी आहे, गेल्या महिन्यात केवढी होती आणि तिच्याखाली काय चाललंय, हे बघायला सवड कुणाला? तिच्या नवऱ्याला, धर्मराजला, तर हंगामात स्वतःची चप्पल कुठली हेही आठवत नसे.

धर्मराज अंकुशनगरच्या साखर कारखान्यात हजेरीच्या टाइम ऑफिसात होता आणि कारखान्याच्याच वसाहतीत ते राहायचे. गाळप सुरू झालं की त्याची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची. घरच्या बाईची पाळी मात्र तिन्ही वेळेची. सकाळी सासूचा चहा, सासूच्या गोळ्या, भाकरी, धर्मराजचा डबा, मग स्कूटी काढून उसाच्या ट्रॅक्टरांमागं धूळ खात वडीगोद्रीची शाळा. तिथं दिवसभर पोरांपुढं घसा कोरडा करून घरी यायचं, तर दोरीवरच्या कपड्यांवर कारखान्याच्या चिमणीची काजळी बसलेली. ती झटकायची, आणि पुन्हा चुलीशी. गॅसच होता, पण प्रेमला त्याला चूलच म्हणायची. नाव बदललं म्हणून उभं राहणं काही कमी होत नव्हतं.

डाग पहिल्यांदा दिसला तो उन्हाळ्यात. न्हाताना टिकली सुटली आणि आरशात पाहते तो खाली मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका. आपल्याकडं पांढऱ्या डागाला एकच नाव आहे, आणि ते नाव तिनं मनातल्या मनातसुद्धा उच्चारलं नाही. घरात लग्नाची मुलगी. आईच्या अंगावर तसला डाग आहे एवढं नुसतं कुजबुजलं गेलं, तरी दारापर्यंत आलेली सोयरीक कोपऱ्यावरूनच माघारी जाते. मुलीच्या अंगावर काय आहे ते मग कुणी विचारत नाही.

तेव्हा तिनं घरोघरच्या बायका जे करतात तेच केलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथं तर झाकायला टिकली आयतीच होती. तिनं एक माप मोठी घेतली. महिनाभरानं डाग त्या मापाचा झाला. तिनं आणखी एक माप मोठी घेतली. डागही मागं राहिला नाही. पावसाळा सरता सरता नाकापेक्षा मोती जड अशी गत झाली, आणि शाळेतल्या बाया म्हणायला लागल्या, "काय बाई, प्रेमलाबाई, आताशा ठसठशीत लावून राह्यल्या! शोभतंय बरं का." प्रेमला हसायची. त्या हसण्याचाही तिला शीण व्हायचा.

एक दिवस तिनं स्वराला फोन केला. स्वरा तिची एकुलती एक मुलगी, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. या पोरीला चेहऱ्याला काय लावावं आणि काय लावू नये याची चांगली जाण होती. सकाळ-संध्याकाळ मोबाइलवर तेच तर बघत असायची.

"अगं, त्वांडावरच्या डागाला काही असतं का, लावायचं?" प्रेमलानं आडून आडून विचारलं.

"कसला डाग, मम्मी? काळा का लाल?"

प्रेमलानं टिकली बोटानं चाचपली. "काळा," ती म्हणाली.

पोटच्या पोरीशी ती खोटं बोलली. भीती अशीच असते. ती चोरापाशी खोटं बोलायला लावत नाही, आपल्याच माणसापाशी लावते.

मग काय, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी. स्वरानं काळे डाग उजळवणारं सीरम पाठवलं. छोटीशी बाटली, झाकणाला रबरी बोंडी, त्यातून थेंब थेंब काढायचा. "एका वेळी एकच लाव हं, मम्मी. महिना-दोन महिने बघ, मंगच ठरव," असं तिनं बजावलंही. पण ज्याला धीर धरायला फुरसत आहे त्यानं धीर धरावा. प्रेमलाला टिकली काढली की रोज सकाळी तोच डाग दिसत होता, काळजीच्या मापानं मोठा झालेला. तिनं फोनवर कुठलीशी बाई बघितली. ती म्हणाली, रात्री अमुक लावा, त्वचा नवी होते. प्रेमलानं अमुक मागवलं. दुसरी म्हणाली, सकाळी तमुक लावल्याशिवाय उपयोग नाही. तमुकही आलं. एक संत्र्याच्या वासाचं, एक कसलाच वास नसलेलं, एक लावलं की मुंग्या चावल्यासारखं होणारं. ते चावतं म्हणजे काम करतं, असं तिनं धरलं. आपल्याकडं औषध कडू आणि मास्तर मारकुटा असल्याशिवाय गुण येतो यावर कुणाचा विश्वास बसतो?

रात्री सगळं आवरून ती आरशापुढच्या स्टुलावर बसायची. एक सीरम लावलं की ते मुरेपर्यंत थांबायचं, मग दुसरं. पहिलं मुरायच्या आत तिची मान छातीवर पडायची. दचकून जागी व्हायची, पुढचा थेंब लावायची, आणि त्या ओल्या कपाळावर पुन्हा टिकली चिकटवून निजायची. हो, झोपतानाही. न जाणो, पहाटे सासूनं हाक मारली आणि तशीच उठून गेली तर? ओल्यावर टिकली धरेना, म्हणून वडीगोद्रीच्या जनरल स्टोअर्समधून जास्त पक्क्या गोंदाचं पाकीट आणलं. कपाळ आता दिवसभर चुरचुरायचं. फळ्यावर लिहिता लिहिता तिचा हात कपाळाकडं जायचा आणि अर्ध्यातून मागं यायचा. तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो?

दिवाळी होऊन गेल्यावर साहेबरावांनी स्थळ आणलं. साहेबराव म्हणजे धर्मराजच्याच ऑफिसातले, लग्नं जमवायची भारी हौस. मुलगा शहागडचा, मुकुल नाव, संभाजीनगरला इंजिनिअर. वडिलांचं हायवेवर ट्रॅक्टरच्या सामानाचं दुकान. मुलाची आई, चतुराबाई, रीतभात सांभाळणाऱ्या म्हणून सगळ्या पंचक्रोशीत प्रसिद्ध. मुकुल आणि स्वरा फोनवर बोलायला लागले आणि चार दिवसांनी स्वराचा आवाजच बदलला. मुलीला मुलगा आवडला होता. नुसतं आणलेलं स्थळ असतं तर प्रेमलानं एक वेळ सोडून दिलं असतं. पोरीनं जीव लावला होता, म्हणून तिला जास्त धास्ती वाटत होती.

पाहुणे रविवारी यायचे ठरले. स्वरा चार दिवसांची सुट्टी काढून आधीच आली. आल्या आल्या आरशापुढं उभी राहिली आणि हसायला लागली.

"मम्मी, दुकान टाकलं का काय? एवढ्या बाटल्या तर माझ्याकडं पण न्हाईत."

"तूच तर पाठवली पहिली."

"पहिली. एक! बाकीच्या काय पिल्लं घातली तिनं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रेमला बेसिनपाशी तोंड धूत होती. दार नुसतं लोटलेलं. स्वरा टूथब्रश घ्यायला आत आली आणि जागच्या जागी थांबली. आईचं कपाळ उघडं होतं. मधोमध रुपयाएवढा पांढरा गोल, आणि त्याच्या कडेनं लालभडक, सोललेली कातडी.

प्रेमलानं आधी हातानं झाकलं. मग हात काढला. झाकून झाकून तिचा हातही दुखून आला होता.

"हा काळा डाग?" स्वरानं विचारलं. "मम्मी, तू मला काळा सांगितल्ता."

"तुझं लगन व्हायचंय, बाळा."

"मंग?"

"मंग काय. तुला कळत न्हाई का लोक काय म्हणतेत ते?"

स्वरा रागानं लाल झाली, मग रडली, मग डोळे पुसून फोन घेऊन बसली आणि तिनं जालन्याच्या एका चामडीच्या डॉक्टरणीचा त्याच दिवसाचा नंबर लावला. प्रेमलानं शाळेला रजा कळवली. सासूला सांगितलं, "स्वराला ड्रेस घ्यायचाय, जालन्याला जाऊन येतो." म्हणजे आणखी एक खोटं. एकाला सांभाळायला दुसरं लागतंच.

दवाखान्यात ही गर्दी. डॉक्टरीणबाईंचा चेहराही सकाळपासून माणसं बघून थकलेला. त्यांनी दिवा लावून कपाळ न्याहाळलं, मग हाताची बोटं, कोपरं, ओठांच्या कडा तपासल्या.

"टिकली कधी काढता?"

"न्हाई काढत."

"झोपताना?"

"झोपताना बी न्हाई."

"आणि त्याच्यावर हे सगळं चोपडता." स्वरानं पिशवीतून काढलेल्या बाटल्या त्यांनी एकेक करून बाजूला सारल्या. "हे कोड नाही, बाई. या टिकलीच्या पाठीला जो गोंद असतो ना, त्यातल्या रसायनानं काही बायकांच्या कातडीचा रंग जातो. बघा ना, टिकलीच्या बाहेर एक ठिपका तरी आहे का? टिकली जेवढी मोठी केली, तेवढा डाग मोठा झाला. वरून या बाटल्यांनी भाजून काढलंत ते वेगळंच."

इतके महिने जे नाव तिनं मनात येऊ दिलं नव्हतं, ते त्या बाईनं सहज उच्चारून टाकूनही दिलं होतं.

"भरून येईल?"

"पुष्कळांचा येतो. सगळाच येईल अशी हमी मी देत नाही, आणि वेळ लागेल. पण टिकली चालू ठेवलीत तर नक्की येणार नाही. त्या जागी टिकली नको, गंध नको, कुंकू नको. मी सांगेपर्यंत कपाळ मोकळं."

"पण डॉक्टर," प्रेमला अडखळली, "मालक हायेत."

"असू द्या की. त्यांना काही लावायला सांगितलं का मी?"

स्वराला हसू आलं. प्रेमलाला आलं नाही.

"आन् सीरम?" स्वरानं विचारलं.

"सीरम काही वाईट नसतं. पण ते कशासाठी घ्यायचं हे माहीत असलं तर घ्यावं, आणि एकच घ्यावं. यांना सध्या एकही नको. सकाळी साध्या फेसवॉशनं तोंड धुवायचं, हे साधं क्रीम लावायचं, बाहेर पडताना सनस्क्रीन, कारण ती जागा उन्हात लवकर भाजते. रात्री पुन्हा धुवायचं, क्रीम, आणि डागावर ही ट्यूब. संपलं. रोज होईल तेवढंच करावं माणसानं."

परतताना गाडीत प्रेमला खिडकीशी बसली. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतलेला. अंबड मागं पडलं तेव्हा ती रडायला लागली. दुःखानं नाही. एवढे महिने जे ओझं वाहिलं ते रिकामंच होतं, हे कळल्यावर माणसाला जो थकवा येतो, तो तिला आला होता. स्वरानं तिचा हात धरून ठेवला.

संध्याकाळी प्रेमला मोकळ्या कपाळानं स्वयंपाक करत होती. धर्मराज आला, हातपाय धुऊन जेवायला बसला. प्रेमलानं समोर वाकून भाकरी वाढली, आमटी वाढली. ज्याच्या आयुष्यासाठी बाईनं कपाळ भरायचं, तो मान खाली घालून जेवत होता. "मीठ कमी हाये," एवढं म्हणाला.

पाहिलं ते सासूनं. पुष्पाबाई दारातून आत आल्या, प्रेमलाच्या तोंडाकडं बघितलं, आणि हातातला तांब्या तिथंच ठेवून भिंतीला टेकल्या.

"झाक ते," त्या म्हणाल्या.

"आत्या, डॉक्टरनं टिकली बंद सांगितली."

"डॉक्टर गेला खड्ड्यात. झाक म्हनते ना आधी!" आवाज चढला होता, पण त्यात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं. प्रेमलाला ते तेव्हा समजलं नाही. सुनांना सासूच्या आवाजात रागच आधी ऐकू येतो, सवयच असते. ती पुढं काही सांगणार तोवर पुष्पाबाई आपल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजल्या. जेवल्याही नाहीत.

आता कुठं धर्मराजनं मान वर केली. बायकोचा चेहरा त्यानं कितीतरी दिवसांनी पाहिला असावा.

"हे काय, पांढरं?"

"ॲलर्जी हाये. टिकलीची."

त्यानं घास चावला. "बरं. पण रईवारी पाहुणे हायेत. तेवढं येऊन जाईस्तोर लाव. एका दिवसानं काय व्हतंय?"

"पप्पा, तिचं कपाळ सोललंय!" स्वरा म्हणाली.

"मी काय जन्मभर लाव म्हणून राह्यलो का? तुझ्यासाठीच म्हणतोय. ती चतुराबाई कशी हाये, साहेबरावला इचार. आन् टिकली नसली तर निदान आतच थांब म्हणावं, चहा स्वरा देईल."

"बघते," प्रेमला म्हणाली. वाद घालायला अंगात त्राण लागतं.

पुढचे दोन दिवस पुष्पाबाई सुनेशी बोलल्या नाहीत. मात्र धर्मराज घरात असला की त्याच्या मागं मागं. "धर्मा, बरं वाटतंय ना?" म्हणून कपाळाला हात लाव, डोळे पिवळे दिसतात का बघ, डब्यातलं बाहेरचं खाऊ नको म्हण. "आईला झालंय काय?" धर्मराज कुरकुरला. प्रेमलाला वाटलं, सून अशी पांढऱ्या कपाळानं फिरते म्हणून म्हातारीचा धर्म बुडाला. पुष्पाबाई विधवा. धर्मराज शाळेत होता तेव्हापासूनच्या. सण असो, बारसं असो, हळदीकुंकू असो, कुंकवाचा करंडा निघाला की त्या आपण होऊन आत जाऊन बसायच्या. त्यांना जा असं कुणी म्हणायचं नाही आणि थांबा असंही कुणी म्हणायचं नाही. घरातलं फर्निचर जसं ठरल्या जागी असतं, तसं ते वर्षानुवर्षं ठरून गेलं होतं.

रविवारी सकाळी प्रेमलानं तोंड धुतलं, क्रीम लावलं, सनस्क्रीन लावलं. साडी नेसून आरशापुढं उभी राहिली. कडेची लाली उतरली होती, पण पांढरा गोल तसाच, जास्तच उठून दिसणारा. टिकल्यांचं पाकीट तिनं खणातून काढलं आणि पुन्हा आत टाकलं. पुन्हा काढलं. एका दिवसानं काय होतंय, हे नवऱ्याचं वाक्य ती स्वतःलाच म्हणून बघत होती. तेवढ्यात मागून कुणीतरी पाकीट तिच्या हातातून घेतलं.

पुष्पाबाई होत्या. त्यांनी पाकिटातली एक टिकली सोलली. दुसऱ्या हातानं त्यांनी सुनेची हनुवटी धरली आणि टिकली कपाळावर दाबली.

या बाईनं इतक्या वर्षांत कुंकवाच्या करंड्याला बोट लावलं नव्हतं. सणावारी तो हलवायचा असला तरी "स्वराला सांग" म्हणायच्या. विधवेनं सवाष्णीच्या कपाळाला हात लावू नये, हे त्यांनी दुसऱ्या कुणाहीपेक्षा कडक पाळलं होतं.

क्रीमवर टिकली धरेना. घसरून नाकावर आली. पुष्पाबाईंनी ती उचलून पुन्हा दाबली.

"आत्या, काय करून राह्यल्या?"

"गप ऱ्हाय. माझ्या धर्माला काही झालं म्हंजी?"

"त्यांना काय व्हतंय?"

"मला बी आल्ता असाच," पुष्पाबाई म्हणाल्या. टिकली पुन्हा घसरली, ती त्यांच्या बोटालाच चिकटून राहिली. "अस्साच पांढरा, हितंच, मधोमध. तव्हा टिकल्या नव्या नव्या निघाल्त्या. गावात पयली म्याच आणली, जालन्याच्या बाजारातून. सासू म्हनली, कुक्कू सोडून कागुद लावती, हे कुक्कवाचं सोंग हाये. मंग डाग आला. म्या बी झाकला, तुझ्यावानी. वरीस झालं न्हाई तर मालकाला कावीळ झाली आन् त्ये गेले. सासू मरस्तोर म्हनायची. पांढऱ्या कपाळाची, माझं लेकरू खाल्लं हिनं. तुझा डाग बघितला तवापून माझ्या पोटात गोळा हाये गं. झाक. माझ्यासाठी झाक."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. "मम्मी, आले गं, जल्दी ये!" स्वरानं हाक मारली. प्रेमलाला सासूला खूप काही सांगायचं होतं, पण बाहेर चपला काढल्याचा आवाज आला, धर्मराजचं "या या" सुरू झालं.

"आत्या, तुम्ही बसा. मी आलेच," ती म्हणाली. सासूच्या बोटावरची टिकली तिनं हळूच सोडवून घेतली, टेबलावर ठेवली आणि तशीच बाहेर गेली. लोक याला धाडस म्हणतील. खरं सांगायचं तर तो नुसता कंटाळा होता. झाकण्याचा, सांभाळण्याचा, प्रत्येकाला वेगळं सांगण्याचा कंटाळा. माणूस कधी कधी शूर होत नाही, फक्त त्याची शक्ती संपते.

मुकुल आला होता, त्याचे वडील, चतुराबाई, आणि मधे साहेबराव. धर्मराजनं बायकोच्या कपाळाकडं पाहिलं आणि घाईघाईनं नजर काढून घेतली. चतुराबाईंची नजरही तिथं गेली, मात्र ती तिथंच थांबली. पोहे झाले, चहा झाला. कारखान्याचा भाव, यंदाचा ऊस, पुण्यातली घरभाडी, सगळं बोलून झालं. मुकुल आणि स्वरा एकमेकांकडं बघून हसू दाबत होते, आणि ते बघून प्रेमलाचा जीव गोळा होत होता. पोरीचं एवढं हातातोंडाशी आलेलं, आणि ते आपल्या कपाळावरून जाणार, हे तिला चतुराबाईंच्या मिटलेल्या ओठांवरून दिसत होतं.

निघायची वेळ झाली. चतुराबाई उठल्या. बाई घरातून निघाली की तिला कुंकू लावायचं, आणि तिनं उलट घरच्या बाईला लावायचं, ही रीत काही टळत नाही. प्रेमलानं करंडा आणला, चतुराबाईंना कुंकू लावलं. चतुराबाईंनी बोटावर कुंकू घेतलं, हात उचलला, आणि तो मधेच थांबला.

"ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे काय हाये, कपाळावर?"

साहेबराव वर पंख्याकडं बघत होते.

"कोड न्हाई," प्रेमला म्हणाली. तो शब्द तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं निघाला. "टिकलीच्या गोंदानं झालंय. जालन्याच्या डॉक्टरणीनं सांगितलं. त्या गोंदानं काही काही बायांच्या कातडीचा रंग जातो. मी येडी, झाकायला आणखीन मोठी लावत गेले, तसं ते वाढत गेलं. आता कपाळ मोकळं ठेवायचंय. म्हणून हितं नका लावू, मंगळसूत्राला लावा. तुम्हाला ते चालत नसंल तर तसं सांगा, पण माझ्या पोरीत काही खोट न्हाई."

चतुराबाईंनी वाकून मंगळसूत्राच्या वाटीला कुंकू लावलं. पण चेहऱ्यावरून होय का नाही, ते कळेना. त्यांनी पदर सारखा केला आणि नवऱ्याला निघू या म्हणून खूण केली.

तेवढ्यात मधल्या दारातून आवाज आला.

"गोंदानं?"

पुष्पाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. करंडा अजून उघडा होता, सवाष्णी समोर होत्या, तरी त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या. भर पाहुण्यांत. त्यांना पाहुणे दिसतच नसावेत.

"टिकलीच्या गोंदानं व्हतंय ते? डॉक्टर म्हनली?"

"हो, आत्या."

"पर मह्या कपाळाला बी टिकलीच व्हती की." त्यांनी आपलं सुरकुतलेलं कपाळ हातानं चाचपलं. तिथं आता काहीच नव्हतं. नवऱ्यामागं टिकली सुटल्यावर तो डाग कधी भरून गेला, कुणी पाहिलंही नव्हतं. त्यांनी स्वतःही नाही. "म्हंजी माझा बी गोंदानंच आल्ता?"

"गोंदानंच, आत्या."

धर्मराज सोफ्याच्या कडेला उभा होता. त्यानं लहानपणी आजीच्या तोंडून जे ऐकलं होतं ते त्याला आठवलं असावं, कारण त्याची मान खाली गेली.

"मंग," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एखाद्या पोरीसारखा बारीक झाला, "मंग मी न्हाई खाल्लं त्यांला?"

"न्हाई, आत्या," प्रेमला म्हणाली. "तुम्ही न्हाई."

निघायला उठलेल्या चतुराबाई पुन्हा खाली बसल्या, आणि पुष्पाबाईंना त्यांनी हाताला धरून शेजारी बसवलं.